जीव थाऱ्यावर नाही : कुणकेश्वरची दंतकथा, खानोलकर आणि युंग



‘आधुनिक जीवन आणि मानवी आत्मा’ हा विषय निबंधाला येतो, वक्तृत्व स्पर्धेला येतो, कधी बी.एड.च्या प्रकल्पालाही येतो. मग मुलं, आणि खरं सांगायचं तर आपणही, ठरलेल्या वाटेने जातो. यंत्रयुग आलं, मोबाईल आला, माणूस पैशामागे धावू लागला, आत्मा हरवला, म्हणून आता संतांकडे वळूया. झाल्या पंधरा ओळी, मिळाले गुण. या निबंधात चूक काही नाही, पण त्यात कोणा माणसाचं दुखणंही नाही. ते दुखणं साहित्यात कसं दिसतं आणि मनाचा खोलवर शोध घेणाऱ्या शास्त्राने त्याला कसं पाहिलं, हे आज आपण आपल्याच देवगड-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर उभं राहून समजून घेऊया.

पहिली अडचण शब्दाचीच आहे. ‘आत्मा’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वेदान्त येतो. गीतेतल्या आत्म्याला कशानेच इजा होत नाही. तो रडत नाही, घाबरत नाही, त्याला परीक्षेचं टेन्शन येत नाही. मग तो आधुनिक जीवनात हरवेल कसा? ज्याला काही होतच नाही, त्याच्याबद्दल काळजी करायचं कारण नाही. फ्रॉइड आणि युंग जर्मनमध्ये लिहीत होते आणि त्यांचा शब्द होता ‘झेले’. फ्रॉइड यांनी १८९० सालच्या एका लेखात उपचाराला सरळ ‘झेलेचा उपचार’ असं म्हटलं होतं. पुढे इंग्रजी भाषांतरात त्याचं ‘माइंड’ झालं, म्हणजे मन, म्हणजे हळूहळू डोक्यातलं एक यंत्र. ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९८२ साली एक छोटं पुस्तक लिहून तक्रार केली की भाषांतरकारांनी फ्रॉइडच्या लेखनातला आत्माच काढून घेतला. आपण मराठीत त्या ‘झेले’ला ‘आत्मा’ म्हणतो तेव्हा उलटी चूक होते. तो एकदम आकाशात जाऊन बसतो.

माझ्या मते नेमका मराठी शब्द आहे ‘जीव’. जीव घाबरा होतो, जीव तुटतो, जीव रमत नाही, जीव टांगणीला लागतो, एखादी गोष्ट जिवावर येते, मग कोणाचा तरी फोन येतो आणि जिवात जीव येतो. हा जीव दुखावला जाऊ शकतो, कोणाला लावता येतो, कोणाचा घेताही येतो. आणि सगळ्यात महत्त्वाचा वाक्प्रचार म्हणजे जीव थाऱ्यावर नसणं. थारा म्हणजे टेकायची जागा. आपल्या भाषेने निदान आधीच करून ठेवलं आहे. जीव हरवत नाही, तो असतोच, फक्त त्याला टेकायला जागा राहत नाही. वर्गात विषय मांडताना ‘आत्मा’ऐवजी ‘जीव’ लिहून बघा. मुलं लगेच बोलायला लागतात, कारण जीव त्यांच्या ओळखीचा आहे.

आता कुणकेश्वर. देवगड तालुक्यातलं हे समुद्राला अगदी लागून असलेलं शिवमंदिर सगळ्यांना ठाऊक आहे. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते, गावोगावचे देव लवाजम्यासह तीर्थस्नानाला येतात, आणि ओहोटीला पाणी मागे सरलं की कातळावरची शिवलिंगं दिसू लागतात. ‘दक्षिण कोकणची काशी’ म्हणतात ते यामुळे. या मंदिराची एक दंतकथा सांगितली जाते. इतिहास म्हणून नव्हे, दंतकथा म्हणूनच ऐकायची. एक परदेशी मुसलमान व्यापारी गलबतातून जात होता. वादळ झालं. गलबत बुडणार असं दिसत असताना किनाऱ्यावर त्याला एक मिणमिणता दिवा दिसला. तो दिवा कुणकेश्वराचा. व्यापारी मनात बोलला, वाचव, तुझं देऊळ बांधीन. वादळ शमलं. तो किनाऱ्याला लागला आणि शब्द पाळून त्याने देऊळ बांधलं. पण आता परत जायचं कुठे? दुसऱ्याच्या देवाचं देऊळ बांधलेला माणूस म्हणून आपले लोक आपल्याला घेणार नाहीत, असं त्याच्या मनाने घेतलं, आणि त्याने शिखरावरून उडी टाकून जीव दिला. देवळाच्या परिसरात त्याची म्हणून एक समाधीही दाखवतात.

ही गोष्ट बहुतेक वेळा कशी सांगितली जाते ते आठवा. देवाचा महिमा सांगायचा असेल तर ती देऊळ बांधून झालं तिथे संपते. सर्वधर्मसमभावाचा पाठ असेल तर शेवटचा भाग घाईने उरकतात. उडीपाशी कोणी थांबत नाही. पण आपला विषय नेमका तिथे आहे.

स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल गुस्टाव्ह युंग (१८७५–१९६१) यांचं म्हणणं असं होतं की अशा गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या टिकतात त्या माहिती म्हणून नव्हे. त्या माणसाच्या आत घडणाऱ्या घटनांची चित्रं असतात, म्हणून टिकतात. समुद्र हे त्यांच्या लेखी नेणिवेचं सर्वांत जुनं चित्र. (नेणीव हा शब्द आपल्याला संतांनी दिला आहे. ‘अबोध मन’ हा पाठ्यपुस्तकी शब्द वापरण्यापेक्षा ‘जाणीव’ आणि ‘नेणीव’ ही जोडी मुलांना पटकन कळते.) माणसाचं रोजचं ‘मी’ हे गलबतासारखं असतं. माल भरलेलं, दिशा ठरलेली. वादळात ते मोडायला येतं, तेव्हा आतून असं काहीतरी बोललं जातं जे शहाणपणाने, हिशोबाने कधी बोललं गेलं नसतं. पुढे तो शब्द पाळावा लागतो. आणि शब्द पाळणारा माणूस गलबतात चढलेला तोच माणूस राहत नाही. तो बदलतो, पण घरचे, गावचे, धंद्यातले लोक जुन्याचीच वाट पाहत असतात. व्यापाऱ्याला वादळाने मारलं नाही. वादळानंतर बदललेल्या जिवाला थारा मिळाला नाही, त्याने तो गेला.

नववीच्या वर्गात ही गोष्ट सांगून मी नेहमीचा प्रश्न टाळला. तात्पर्य काय, हे विचारलं नाही. विचारलं, तो शिखरावरून खाली उतरला असता तर पुढे काय? थोडी कुजबुज झाली आणि मागच्या बाकावरचा, एरवी तोंड न उघडणारा एक मुलगा म्हणाला, “मगे त्येनां गाऱ्हाणां कोणाफुडे घालूचां?” मुलं हसली. पण या विषयावर मी वाचलेल्या बऱ्याच जाड पुस्तकांपेक्षा तो प्रश्न अचूक होता.

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे ‘गाऱ्हाणं’ म्हणजे नुसती तक्रार नाही. लग्न ठरलं, आंब्याचा हंगाम सुरू करायचा आहे, मुलगा नोकरीसाठी मुंबईला निघाला, घरात आजारपण आहे, दशावताराचा खेळ सुरू होतोय, अशा वेळी देवापुढे गुरव किंवा घरातला जाणता माणूस मोठ्याने गाऱ्हाणं घालतो. त्यात माणसाचं नाव येतं, घराचं येतं, अडचण कसली ते येतं. काही चुकलंमाकलं असेल तर पदरात घे, असंही येतं. आणि प्रत्येक वाक्यानंतर जमलेले सगळे एकसुरात म्हणतात, “व्हय म्हाराजा!”

जरा बारकाईने बघा यात काय काय घडतं. मनातली धास्ती मोठ्याने बोलली जाते. ती कोणाची आहे ते नाव घेऊन सांगितलं जातं, म्हणजे ती ‘समाजाची समस्या’ होत नाही, ती अमक्याच्या मुलाची राहते. चूक झाली असेल हे मान्य होतं, पण कोणती चूक, कोणाची, याची उलटतपासणी होत नाही. आणि चार माणसं ‘होय’ म्हणतात. तुझं दुःख खोटं नाही, एवढंच त्या ‘व्हय’चं काम. देवावर श्रद्धा नसलेल्या माणसालाही ही रचना समजून घेण्यासारखी आहे.

आता व्हिएन्नाला जाऊया. तिथे १८८० ते १८८२ या काळात योसेफ ब्रॉयर हे डॉक्टर एका तरुण मुलीवर उपचार करत होते. वडिलांच्या आजारपणात त्यांची शुश्रूषा करता करता तिला पक्षाघातासारखी लक्षणं दिसू लागली होती, मातृभाषा सुचेनाशी झाली होती. संध्याकाळी ती मनातलं सगळं बोलून टाकायची आणि तिला हलकं वाटायचं. या प्रकाराला नाव तिनेच दिलं, ‘बोलण्याचा उपचार’. गमतीत ती त्याला धुराडं साफ करणंही म्हणायची. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी १८९५ साली हे पुस्तकात लिहिलं आणि तिथून मनोविश्लेषणाची सुरुवात मानली जाते. त्या पुस्तकात तिचं नाव बदललेलं होतं. बेर्टा पापेनहाइम हे तिचं खरं नाव, पुढे ती स्त्रियांसाठी काम करणारी नावाजलेली कार्यकर्ती झाली. हेही सांगायला हवं की पुस्तक वाचून वाटतं तितक्या सरळपणे ती बरी झाली नाही. नंतर तिला रुग्णालयात राहावं लागलं. बोलणं म्हणजे जादू नव्हे. पण बोलायला जागा असणं आणि नसणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

इथे एक धोका आहे, तो आत्ताच सांगते. ‘बघा, पाश्चात्त्यांनी काल शोधलं ते आमच्याकडे आधीपासून होतं’ असं म्हणण्याचा मोह होतो. तो आवरा. गाऱ्हाण्याला मर्यादा आहेत आणि त्या गावात राहणाऱ्याला चांगल्या ठाऊक असतात. गाऱ्हाणं कोणी घालायचं हे मानपानावर ठरतं. बहुतेक ठिकाणी पुरुष बोलतो आणि बाई मागे उभी असते, दुखणं तिचं असलं तरी. ज्या गोष्टीची लाज वाटते ती चारचौघांत देवापुढे बोललीच जात नाही. आणि तेच गाऱ्हाणं भावकीच्या भांडणात दुसऱ्याचं वाईट व्हावं म्हणूनही घातलं जातं. देवस्की आणि करणी यांच्या नावाने माणसांचे किती हाल होतात ते मी वेगळं सांगायला नको. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात नेण्यापासून अडवणं हासुद्धा त्या कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा जुनी जागा सगळ्यांना पुरेशी होती असं नाही. पण ती मोडत चालली आणि तिच्या जागी दुसरी उभी राहिली नाही, या मधल्या फटीत आजचा माणूस सापडला आहे.

ही फट मराठीत कोणी सर्वांत खोल पाहिली असेल तर ती चिंतामण त्र्यंबक खानोलकरांनी, म्हणजेच कवी आरती प्रभू यांनी. जन्म ८ मार्च १९३०, वेंगुर्ल्याजवळचं तेंडोली. कुडाळला घरची खानावळ, ओढगस्त, मग मुंबई, काही काळ आकाशवाणीत नोकरी, ती सुटली, पुन्हा ओढाताण. २६ एप्रिल १९७६ ला ते गेले तेव्हा अवघे ४६ वर्षांचे होते. ‘नक्षत्रांचे देणे’ या संग्रहाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो त्यांच्या मागे, १९७८ साली. गद्य एका नावाने आणि कविता दुसऱ्या, बाईच्या वाटाव्या अशा नावाने लिहिणारा हा माणूस. युंग वाचलेल्या अभ्यासकाला इथे लगेच ‘पुरुषाच्या मनातली स्त्री’ वगैरे लिहावंसं वाटतं. मला ते घाईचं वाटतं. लेखकाच्या आयुष्यावर सिद्धान्ताचा शिक्का मारून आपल्याला त्याची एक ओळही जास्त कळत नाही.

त्यांची ‘कोंडुरा’ ही कादंबरी १९६६ ची. कोंडुरा हे वेंगुर्ले तालुक्यातलं समुद्रकाठचं खरं ठिकाण आहे. कादंबरीत परशुरामतात्या या माणसाला तिथून एक अलौकिक देणगी मिळते, ती अटीसह. ब्रह्मचर्य पाळायचं. घरात बायको असलेल्या माणसाला ही अट. आणि देणगी काय, तर एक मुळी, जिने गर्भ पडतो. कालपर्यंत घरात ज्याला किंमत नव्हती, त्याच्या हातात लोकांच्या पापपुण्याचा न्याय आला. श्याम बेनेगल यांनी १९७८ साली यावर याच नावाचा हिंदी चित्रपट केला, त्यात अनंत नाग आणि स्मिता पाटील आहेत. पुढे काय होतं ते इथे सांगत नाही. एवढंच सांगते की एका स्त्रीबद्दल त्याचा जो समज होतो तो चुकीचा निघतो आणि तोवर मुळी दिली गेलेली असते.

आता हा माणूस ढोंगी बुवा असता तर गोष्ट सोपी झाली असती. आपण त्याला नावं ठेवून मोकळे झालो असतो. पण तो प्रामाणिक आहे. त्याला खरंच काहीतरी ऐकू आलं, दिसलं. खानोलकर आपल्याला या अवघड जागी नेऊन उभं करतात. नेणिवेतून आलेला आवाज खरा असतो, म्हणून तो सांगतो ते खरं असतं का? युंग यांच्याकडे यासाठी एक शब्द आहे. अर्थशास्त्रात चलनफुगवट्याला जो ‘इन्फ्लेशन’ म्हणतात, तोच. आतल्या प्रचंड शक्तीशी माणसाचा संपर्क होतो आणि ती शक्ती म्हणजे मीच, असं त्याला वाटू लागतं. मग तो फुगतो. त्याला विचारणारं, ‘थांब, तुला ऐकू आलं ते काय होतं ते आपण बघू’ असं म्हणणारं कोणी जवळ नसेल, तर तो स्वतःसकट दुसऱ्यालाही बुडवतो. परशुरामतात्याला भक्त मिळाले, विरोधक मिळाले, असं शांतपणे ऐकणारं माणूस मिळालं नाही. म्हणजे पुन्हा तेच. व्हिएन्नातल्या त्या मुलीला संध्याकाळी समोर बसलेला एक डॉक्टर होता. कुणकेश्वरच्या व्यापाऱ्याला कोणी नव्हतं, परशुरामतात्याला गर्दी होती पण ऐकणारा नव्हता.

खानोलकरांच्या ‘चानी’त (‘गणुराय आणि चानी’, १९७०) हीच गोष्ट उलट्या बाजूने येते. गावातल्या बाईला गोऱ्या सैनिकापासून झालेली मुलगी. केस सोनेरी, डोळे निळे. गाव तिला जवळ करत नाही. व्ही. शांताराम यांनी १९७७ साली यावर चित्रपट काढला. युंग ज्याला ‘छाया’ म्हणतात, म्हणजे आपल्यातलंच नको असलेलं, लाजेचं, दडपलेलं, ते आपण कोणावर तरी टाकून मोकळे होतो. सगळ्या गावाने आपली छाया त्या पोरीवर टाकली. शाळेत हे समजवायला मला फार कष्ट पडत नाहीत. प्रत्येक वर्गात एक चानी असतेच. तिला चिडवणारी मुलं दुष्ट नसतात, ती घाबरलेली असतात की आपला नंबर लागू नये.

युंग यांचा आणखी एक शब्द, ‘पर्सोना’, आपल्या भागात एका वाक्यात शिकवता येतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ नटाचा मुखवटा. दशावतारातल्या नटाबद्दल आपल्याकडे म्हणतात, रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा. रात्रभर लिहिलेली संहिता हातात नसताना राजाची भाषणं मनाने रचून ठोकणारा माणूस पहाटे रंग पुसतो आणि पेटारा उचलून पुढच्या जत्रेच्या वाटेला लागतो. त्याला पक्कं ठाऊक असतं की तो राजा नाही. आपलं काय होतं? साहेब घरी येऊनही साहेबच राहतात. हुशार मुलगी हे बिरुद चिकटलेल्या पोरीला एकदा कमी गुण पडले की ते तोंड कुठे ठेवायचं कळत नाही, कारण त्या बिरुदाखाली दुसरा चेहरा आहे हे तिला कोणी सांगितलेलंच नसतं. मुखवटा वाईट नाही. नोकरी, शाळा, समाज त्याशिवाय चालत नाहीत. मी वर्गात शिरते तेव्हा मीही तो घालतेच. फक्त रंग पुसायला एक खोली लागते.

जयवंत दळवी खानोलकरांच्याच मुलखातले, आरवलीचे (१९२५–१९९४). त्यांच्याकडे कोंडुऱ्याचं गूढ नाही, पण थारा गेलेली माणसं तीच. ‘संध्याछाया’ हे १९७३ चं नाटक पालकांनी जरूर वाचावं. नाना आणि नानी हे म्हातारं जोडपं, एक मुलगा अमेरिकेत, दुसरा सैन्यदलात. दोघं दिवसभर वाट पाहतात. चुकीच्या नंबरवरून आलेला फोनसुद्धा त्यांना बोलायला पुरतो. नाटक आलं तेव्हा ही शहरातल्या मोजक्या घरांची गोष्ट वाटत असेल. आज कुणकेश्वर-कातवणच्या पट्ट्यात फिरा, कितीतरी घरांत दोनच माणसं, काही घरांना कुलूप, आणि गणपतीच्या आठवड्यात तेवढी सगळी दारं उघडी. शिवाय चाकरमान्याची स्वतःची अवस्था कुणकेश्वरच्या व्यापाऱ्यासारखी. मुंबईत तो कोकणातला आणि गावात मुंबईकर. दोन्हीकडे घर आहे आणि दोन्हीकडे तो पाहुणा. त्याची मुलं आपल्या वर्गात सुट्टीपुरती डोकावतात, मालवणी समजते पण बोलायला लाजतात. त्या लाजेतही थोडी फट आहे.

युंग भारतात येऊन गेले होते. १९३७ च्या डिसेंबरात ते आले, कलकत्त्याच्या विज्ञान परिषदेच्या रौप्यमहोत्सवाचं निमंत्रण होतं. इथल्या थोर साधुपुरुषांना भेटणं त्यांनी मुद्दाम टाळलं. दुसऱ्याच्या अनुभवातून आलेलं सत्य आपण उसनं घ्यायचं नाही, आपल्या आतून येईल तेच घ्यायचं, असं कारण त्यांनी आत्मकथनात दिलं आहे. कलकत्त्यात ते आजारी पडले, दहा दिवस रुग्णालयात होते. त्यानंतर त्यांना एक ठळक स्वप्न पडलं, पण त्यात देवळं नव्हती की योगी नव्हते. इंग्लंडच्या किनाऱ्याजवळचं बेट होतं आणि त्यांच्या ख्रिस्ती परंपरेतला पवित्र प्याला, आणि तो आणायला पाणी पोहून जायचं होतं. जीव आपल्या मातीच्याच चित्रांतून बोलतो. म्हणून मला वाटतं, देवगडच्या मुलाला स्वप्नात समुद्र, साप, राखणदार, बंद पडलेली होडी दिसली तर त्याचा अर्थ पुस्तकात शोधायला जाऊ नये. त्याला विचारावं, तुला त्या होडीत कोण आठवलं?

युंग यांचं ‘आत्म्याच्या शोधातला आधुनिक माणूस’ अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक इंग्रजीत १९३३ साली आलं. त्यात ते सांगतात की पस्तिशी ओलांडलेल्या त्यांच्या रुग्णांमध्ये असा एकही नव्हता, ज्याच्या दुखण्याच्या मुळाशी आयुष्याकडे पाहण्याच्या धार्मिक दृष्टीचा प्रश्न नव्हता. आणि लगेच सांगतात की याचा कोणत्याही पंथाशी किंवा देवळात जाण्याशी संबंध नाही. पूर्वी माणसं धर्मगुरूकडे जायची, आता डॉक्टरकडे येतात, पण विचारतात तेच. माझ्या जगण्याला अर्थ काय?

आपल्या मुलांची पस्तिशी अजून लांब आहे. पण पालकांची आलेली आहे, आणि शिक्षकांची तर उलटून गेली. मोहोर करपला म्हणून कर्ज डोक्यावर घेऊन बसलेला बाप, १ जूनला मासेमारी बंद झाली की दोन महिने घरात घुसमटणारा मोठा भाऊ, ही माणसं शाळेच्या सभेला येतात, मुलाचे गुण विचारतात आणि जातात. त्यांचा जीव थाऱ्यावर नसतो हे मुलाला घरात दिसतं, कोणी बोलत मात्र नाही. युंग यांचं एक निरीक्षण मला पालकसभेत फार उपयोगी पडतं. आईबापांनी स्वतःच्या आयुष्यात जे जगायचं टाळलं, त्याचं ओझं नकळत मुलांवर पडतं. हे ऐकून काही पालक रागावतात. पण काही सभा संपल्यावर मागे रेंगाळतात.

वर्गासाठी मी काय करते ते थोडक्यात. महिन्यातून एकदा मुलं एका पानावर ‘गाऱ्हाणं’ लिहितात, मालवणीत किंवा मराठीत. देवाला, झाडाला, समुद्राला, आजीला, कोणालाही उद्देशून. शुद्धलेखन तपासत नाही, गुण नाहीत. वाचून दाखवायचं की नाही हे ज्याचं तो ठरवतो. कोणी वाचलं तर बाकीच्यांनी सल्ला द्यायचा नाही, फक्त “व्हय म्हाराजा” म्हणायचं. सुरुवातीला चेष्टा होते, तिसऱ्या महिन्यात ती थांबते. एखाद्या पानात जिवाच्या बरंवाईटाचं काही दिसलं, तर मात्र ते पान तिथेच ठेवायचं नाही. मुलाशी एकट्याने बोलायचं, पालकांना विश्वासात घ्यायचं आणि समुपदेशकाची किंवा डॉक्टरची मदत घ्यायची. घरातूनच त्रास होत असेल तर अर्थात आधी पालकांकडे जायचं नाही. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते आणि मराठीतूनही बोलता येतं. हा क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायला हरकत नाही. शिक्षकाने स्वतः मानसतज्ज्ञ व्हायला जाऊ नये, तोही एक फुगवटाच.

कोणतं पुस्तक कोणाला द्यावं असं बरेच जण विचारतात. ‘चानी’ नववी-दहावीला शिक्षकाने सोबत राहून वाचून घ्यावी. ‘संध्याछाया’ पालकांसाठी, पण शेवट फार जड आहे, घरात कोणी आधीच खचलेलं असेल तर ते आत्ता नको. ‘कोंडुरा’ शाळेच्या वयात देऊ नये, ती शिक्षकांनी वाचावी, शक्यतो सलग आणि सुट्टीत. आणि कुणकेश्वरची गोष्ट कोणालाही सांगता येईल, फक्त सांगताना ती देऊळ बांधून झालं तिथे संपवू नका. त्या व्यापाऱ्याला शिखरावर थोडा वेळ उभा राहू द्या आणि मुलांना विचारा, खाली कोण उभं असायला हवं होतं?